जाफनावर अन्न, जाफनावर तोफा

लेखमाला : परक्या भूमीवर सैन्य (लेखांक पाचवा)

४ जून १९८७ च्या दुपारी हवाई दलाची पाच एएन-३२ मालवाहू विमानं बंगळुरूहून दक्षिणेकडे निघाली. पोटात अन्नधान्य आणि औषधं मिळून सुमारे २५ टन माल, सोबत काही देशी-परदेशी वार्ताहर आणि राखणीला मिराज २००० लढाऊ विमानं. श्रीलंकेच्या हद्दीत शिरून त्यांनी जाफनावर पॅराशूटं सोडली आणि संध्याकाळी सगळी सुखरूप परतली. मोहिमेचं नाव होतं 'पूमालै'. श्रीलंकेची परवानगी नव्हती. दिल्लीत परराष्ट्र राज्यमंत्री नटवर सिंह यांनी श्रीलंकेच्या उच्चायुक्तांना बोलावून उड्डाणाच्या थोडंच आधी कल्पना दिली आणि विमानांना अडवलं तर बळाने उत्तर मिळेल असंही बजावलं. अडवण्यासारखं काही श्रीलंकेकडे नव्हतंच.

मागच्या लेखांकात आपण १९७१ पाहिलं. पूर्व पाकिस्तानातून एक कोटी निर्वासित आले, युद्ध १३ दिवसांत संपलं आणि मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य मायदेशी परतलं. तो धडा सोपा वाटतो, कारण शेवट चांगला झाला. या आठवड्याचा धडा अवघड आहे, आणि बंगळुरूत बसून लिहिताना तो टाळता येत नाही, कारण त्याचे तीन दुवे याच शहरात आहेत.

पहिला दुवा नोव्हेंबर १९८६ चा. सार्कची दुसरी शिखर परिषद बंगळुरूत भरली. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे या संघटनेच्या सनदेतलं मूळ तत्त्व. त्याच परिषदेच्या आडोशाला श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने आणि राजीव गांधी तमिळ प्रश्नावर बोलत होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन आले होते, आणि लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेचा प्रमुख प्रभाकरन याला मद्रासहून मुद्दाम आणलं होतं. तडजोड काही झाली नाही. सात महिने उलटायच्या आत याच शहरातून विमानं उडाली.

मधल्या काळात जाफनाची कोंडी झाली होती. जानेवारी १९८७ पासून कोलंबो सरकारने द्वीपकल्पाकडे जाणारं इंधन आणि इतर माल अडवला. मेअखेरीस द्वीपकल्पातल्या वडमराच्ची भागावर मोठी लष्करी चढाई झाली. ३ जूनला रामेश्वरमहून मदतीच्या बोटी निघाल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी विमानं गेली.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर ही घुसखोरी होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं दुसरं कलम दुसऱ्या देशाच्या सार्वभौमत्वावर बळाचा वापर आणि बळाची धमकी, दोन्हींना मनाई करतं. भारताचे हातही स्वच्छ नव्हते. १९८३ च्या जुलैतल्या तमिळविरोधी हत्याकांडानंतर तमिळ बंडखोरांना आपल्याच गुप्तचर यंत्रणेने शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं होतं. शिवाय जाफना द्वीपकल्पाची वस्ती लाखांची. २५ टनांत किती चुली पेटणार? विमानांतला खरा माल म्हणजे कोलंबोला दिलेला इशारा.

तरीही माझ्या मते ४ जूनचं उड्डाण योग्य होतं. गोळी एकही सुटली नाही, माणूस एकही मेला नाही, आणि जाफना शहरावर येऊ घातलेली चढाई थांबली. हेतू मिश्र होता म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. उपाशी माणूस भाकर देणाऱ्याची कुंडली मांडत बसत नाही. विमानं गेली आणि परतली, म्हणजे काम करून आपण निघून आलो. नैतिक पेच सुरू होतो तो थांबायचं ठरवल्यावर.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून भारतीय शांतिसेना जाफनात उतरू लागली. करारावर सह्या दोन: राजीव गांधी आणि जयवर्धने. ज्यांच्या संरक्षणासाठी हे सगळं चाललं होतं, त्या तमिळ जनतेच्या कुणाचीही सही त्यावर नव्हती. प्रभाकरन तेव्हा दिल्लीच्या अशोक हॉटेलात पहाऱ्यात होता. तो परतला आणि ४ ऑगस्टला सुदुमलैच्या सभेत त्याने सांगितलं, की आमचं भवितव्य आम्हाला बाजूला ठेवून ठरवलं गेलं. प्रभाकरन हा लोकांनी निवडून दिलेला माणूस नव्हता. आपल्याच समाजातल्या प्रतिस्पर्धी गटांना त्याच्या संघटनेने निर्दयपणे संपवलं होतं. पण त्याच्या त्या तक्रारीत तथ्य होतं, आणि ते तथ्य ओळखण्याचं काम दिल्लीचं होतं.

१९७१ शी तुलना इथेच करायची. पूर्व पाकिस्तानच्या लोकांनी १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला तिथल्या १६२ पैकी १६० जागा दिल्या होत्या. त्यांना काय हवंय हे मतपेटीत नोंदलेलं होतं. जाफनात सैन्य उतरवण्याआधी असा कौल कुणी मागितलाच नाही. सैन्याचं सुरुवातीला हार घालून स्वागत झालं आणि त्या हारांनाच आपण संमती समजलो.

सप्टेंबरमध्ये लिट्टेचा तिलीपन नल्लूरच्या मंदिराजवळ पाणीही न घेता उपोषणाला बसला आणि २६ तारखेला मेला. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या लिट्टेच्या १२ जणांनी सायनाइड घेऊन जीव दिला. त्यानंतर लिट्टेने पूर्व भागात सिंहली नागरिकांना मारलं. ११ ऑक्टोबरच्या सुमारास लिट्टेविरुद्ध भारतीय सैन्याचं 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. ज्या गावावर चार महिन्यांपूर्वी आपण अन्न टाकलं, त्याच गावाच्या गल्ल्यांत आपले रणगाडे आणि तोफा शिरल्या.

२१ ऑक्टोबर, तमिळ दिवाळीचा दिवस. भारतीय सैनिक जाफनाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात शिरले. तिथून गोळीबार झाला असं सैन्याचं म्हणणं. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत जे घडलं त्यात रुग्ण, परिचारिका, डॉक्टर, कर्मचारी असे साठ-सत्तर लोक मेले. वाचलेल्यांच्या साक्षी सांगतात, की एक ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ काही परिचारिकांना घेऊन हात वर करून पुढे आले, आपण डॉक्टर आहोत असं ओरडत आले, आणि त्यांना गोळी घातली गेली. जाफना विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक रजनी तिरणगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातल्या साक्षी गोळा केल्या. भारतीय सैन्य, श्रीलंकेचं सैन्य, लिट्टे, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवर घरी जाताना रजनींना गोळ्या घातल्या गेल्या. संशय लिट्टेवर आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वल्वेट्टितुरैत भारतीय जवानांच्या हातून पन्नासाहून अधिक नागरिक मारले गेले होते.

हे लिहिताना जवानांबद्दलचा आदर माझ्या मनातून कमी होत नाही. मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला टिपलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शांतिसेनेचे सुमारे १२०० जवान तिकडून परतले नाहीत. कुणाच्या बाजूने आणि कुणाविरुद्ध लढायचं हे दर महिन्याला बदलत असताना ही माणसं लढली. नागरिकांतून शत्रू वेगळा काढण्याचं, राजकारणाला न जमलेलं काम त्यांच्या माथी मारलं गेलं. शेवटी लिट्टेशी लढणाऱ्या भारतीय सैन्याला घालवण्यासाठी श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा लिट्टेशीच बोलू लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली.

बंगळुरूचा उरलेला दुवा शहराच्या दक्षिणेला, कोणनकुंटेत आहे. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्या कटाचा सूत्रधार, लिट्टेचा शिवरासन, त्याची साथीदार शुभा आणि इतर काही जण कोणनकुंटेतल्या एका घरात लपले होते. पोलिसांनी घर वेढलं, आणि २० ऑगस्टच्या सकाळी आत सात मृतदेह सापडले. या हत्येचं समर्थन कधीच होऊ शकत नाही. पण चार वर्षांपूर्वीच्या निर्णयांचा धागा त्या घरापर्यंत येतो, हे नाकारताही येत नाही.

जगाने यावर नंतर बराच विचार केला. १९९४ मध्ये रवांडात वेळेवर कुणी गेलं नाही, १९९९ मध्ये कोसोवोत सुरक्षा परिषदेच्या परवानगीवाचून बाँब पडले. या दोन्हींतून २००१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने 'संरक्षणाची जबाबदारी' ही कल्पना मांडली आणि तिला कसोट्या लावल्या : हेतू योग्य हवा, बळ हा शेवटचाच उपाय हवा, प्रमाण राखलेलं हवं, यशाची वाजवी शक्यता हवी. पीडितांचा पाठिंबा हवा, ही गोष्टही त्यात आहे, पण हेतूच्या कसोटीच्या पोटात एखाद्या तळटीपेसारखी. २००५ च्या जागतिक परिषदेने तत्त्व स्वीकारलं आणि कसोट्या गाळल्या. २०११ मध्ये लिबियात बळाच्या वापराला मुभा देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. त्या मतामागे जाफनाची आठवण नसेल असं मला वाटत नाही.

माझ्या यादीत ती तळटीप पहिल्या क्रमांकावर जाईल. परक्या देशातल्या नागरिकांना वाचवायला सैन्य पाठवायचं, तर त्या नागरिकांनी बोलावलंय का, त्यांच्या वतीने बोलणारा माणूस त्यांनीच निवडलाय का, आणि त्यांनी 'आता जा' म्हटलं तर आपण जाऊ का, हे तीन प्रश्न विमानं उडायच्या आधी विचारायला हवेत. संमती मिळायला वेळ लागणार असेल आणि माणसं मरत असतील, तर ४ जूनसारखं करावं : अन्न टाकावं, इशारा द्यावा, परतावं. जाऊ नये असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यावं लागतं. २००९ मध्ये श्रीलंकेतलं युद्ध संपत असताना मुल्लैत्तीवूच्या किनाऱ्यावर कुणीच गेलं नाही, तेव्हा ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचा अंदाज आहे. ती गोष्ट पुढच्या लेखांकात.

पण रक्षण करायला गेलेल्याने आपल्या हातून मेलेल्यांचा जाब द्यायचा असतो, ही अट तेव्हाही होती आणि आजही आहे. जाफनाच्या रुग्णालयात काय घडलं याचा जाहीर अहवाल भारत सरकारने देशापुढे ठेवलेला नाही. त्या काळची लष्करी कागदपत्रं सरकारने खुली करावीत आणि मेलेल्यांच्या कुटुंबीयांची माफी मागावी. ही मागणी जाफनाच्या लोकांनी करण्याआधी आपण, भारतीय नागरिकांनी, करायला हवी.