एक साइट फुटली की सगळी खाती उघडी! सगळीकडे एकच पासवर्ड ठेवलाय का?

जामनेर : घर, शेतातली खोली आणि कपाट, तिन्हींना एकच किल्ली कोणी ठेवत नाही. मोबाईलवर मात्र जीमेल, फेसबुक, खरेदीचं ॲप, मुलांच्या शिष्यवृत्तीचं महाडीबीटी खातं, सगळीकडे एकच पासवर्ड असतो. तोही कित्येकदा स्वतःचा मोबाईल नंबर, नाहीतर नावापुढे 123.

‘आपण कोणाला पासवर्ड सांगतच नाही, मग भीती कसली?’ असं अनेकांना वाटतं. पण पासवर्ड आपल्याकडूनच फुटतो असं नाही. ज्या कंपनीकडे आपलं खातं आहे तिथूनही तो चोरीला जातो.

मे 2017 मध्ये झोमॅटो या जेवण मागवण्याच्या ॲपवरून सुमारे 1 कोटी 70 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. कारण कंपनीनेच नंतर सांगितलं. 2015 मध्ये 000वेबहोस्ट ही दुसरीच साइट फुटली होती. झोमॅटोच्या एका डेव्हलपरचं तिथे खातं होतं आणि तोच पासवर्ड त्याने कामाच्या गिटहब खात्यालाही ठेवला होता. चोरांना तिथूनच वाट मिळाली. कॉम्प्युटरचा जाणकार माणूस फसला, तर आपलं काय?

चोर एकेक पासवर्ड हाताने टाकून बघत बसत नाहीत. फुटलेल्या यादीतले ईमेल आणि पासवर्ड ते सॉफ्टवेअरने दुसऱ्या साइटवर लावून बघतात. पासवर्ड एकच असला की दार उघडलंच.

मग काय कराल?

• आधी जीमेलचा पासवर्ड बदला. बाकी खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात’चे मेल तिथेच येतात.

• प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तरी चालतं. लक्षात राहत नसेल तर घरातल्या वहीत लिहा, पण सेतू केंद्रातल्या वहीत नको.

• जीमेल, फेसबुकला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. मग नुसत्या पासवर्डवर चोराचं काम होत नाही.

• अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ‘चेकअप’ करा. तिथे सेव्ह केलेला कोणता पासवर्ड फुटलाय, ते कळतं.

• ‘तुमचा पासवर्ड लीक झाला, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ कट करा. ओटीपी आणि यूपीआय पिन कोणालाच सांगायचा नाही.

पैसे गेलेच तर लाजू नका, थांबूही नका. लगेच 1930 वर फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.