जुना रेकॉर्डर टाकण्यापूर्वी

जून-जुलै आणि डिसेंबर हे आपल्याकडे जपानात बोनसचे महिने. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची पत्रके पेटीत पडू लागतात आणि घरोघरी एकच विषय निघतो : टीव्हीचा रेकॉर्डर बदलायचा का? आपल्यापैकी बऱ्याच जुन्या मंडळींनी पहिला डिजिटल रेकॉर्डर २०११ च्या सुमारास घेतला. त्या वर्षी २४ जुलैला अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले (भूकंपग्रस्त इवाते, मियागी आणि फुकुशिमात ते ३१ मार्च २०१२ ला थांबले) आणि सगळ्यांनाच नवे यंत्र घेणे भाग पडले. ती यंत्रे आता म्हातारी झाली आहेत. डिस्क कुरकुरते, मुद्रण मध्येच तुटते, मेनू उघडायला वेळ लागतो. उत्पादन थांबल्यावर कंपन्या सुटे भाग ठराविक वर्षेच ठेवतात, त्यामुळे दुरुस्तीचा मार्गही बहुधा बंद झालेला असतो.

नवा कोणता घ्यावा हे दुकानदार सांगेलच. पण जुन्या यंत्रात जे साठले आहे त्याचे काय करायचे, हे तो क्वचितच सांगतो. खरी अडचण तिथेच आहे.

जपानमधील डिजिटल प्रक्षेपण कुलूपबंद स्वरूपात येते. ते उघडण्यासाठी यंत्रात बी-कॅस नावाचे छोटे कार्ड असते. ४के दाखवणाऱ्या नव्या यंत्रांत त्याऐवजी चिप बसवलेली असते. आपण एखादा कार्यक्रम मुद्रित केला की रेकॉर्डर त्याला पुन्हा स्वतःचे कुलूप लावतो आणि त्याची किल्ली त्या एकाच यंत्राच्या पोटात असते. म्हणून जुन्या रेकॉर्डरची हार्ड डिस्क काढून नव्यात बसवली तर नवे यंत्र ती सरळ पुसून टाकण्याची परवानगी मागते. टीव्हीला यूएसबीने जोडलेल्या डिस्कचेही तेच. त्याच कंपनीचा, अगदी त्याच मॉडेलचा दुसरा टीव्ही आणला तरी ती डिस्क त्यावर चालत नाही. दुरुस्तीत मुख्य सर्किट बोर्ड बदलला तरी आधीचे मुद्रण हातचे जाऊ शकते. सीक्यूव्हॉल्ट नावाची एक सोय या अडचणीवर काढली गेली, पण जुने आणि नवे यंत्र, शिवाय डिस्क, हे सगळेच तिला अनुकूल असावे लागते. थोडक्यात, रेकॉर्डर मेला की आतले कार्यक्रम त्याच्याबरोबर सती जातात. उत्पादक स्वतःच माहितीपत्रकात लिहितात की हार्ड डिस्क ही तात्पुरती साठवणीची जागा आहे. ते वाक्य आपण कोणी वाचत नाही, एवढेच.

ठेवण्यासारखे असेल ते ब्लू-रे डिस्कवर उतरवणे हा त्यावरचा सरळ उपाय. त्यालाही नियम आहे. एप्रिल २००४ पासून प्रत्येक कार्यक्रमाची एकच प्रत घेता येत असे, आणि ती घेतली की मूळ पुसले जाई. ४ जुलै २००८ पासून ‘डबिंग १०’ आले : नऊ प्रती काढता येतात, दहावीच्या वेळी मूळ नाहीसे होते. पैसे भरून घेतलेल्या वाहिन्यांना बहुतेक वेळा जुनाच नियम लागू असतो. २५ जीबीच्या डिस्कवर मूळ दर्जात सुमारे तीन तास मावतात. मात्र हे काम फार पुढे ढकलू नये. पॅनासॉनिकने कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबवले आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. अन्य कंपन्यांच्या डिस्क मिळतात, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते स्पष्ट आहे.

टीव्हीचे कार्यक्रम गेले तर हळहळ वाटेल, त्यापलीकडे फारसे बिघडणार नाही. घरचे चित्रण गेले तर मात्र ते परत मिळण्याची आशा नाही. अनेक कुटुंबांनी हँडीकॅमवर घेतलेले मुलांचे पहिले पाऊल, होइकुएनचा उंदोकाई, आजी-आजोबांची एकमेव जपानवारी, हे सगळे रेकॉर्डरमध्ये भरून कॅमेऱ्याचे कार्ड पुसून टाकले आहे. या चित्रणावर प्रतींचे बंधन नाही, हवे तितक्या वेळा उतरवता येते. पण यंत्र चालू असेपर्यंतच. रेकॉर्डरची हार्ड डिस्क संगणकाला जोडून वाचता येत नाही, आणि दुरुस्तीला दिली तर ती कोरी होऊन येण्याची शक्यता असते. तेव्हा नवा रेकॉर्डर घ्या अथवा घेऊ नका, येत्या सुट्टीत हे काम आधी उरका. घरचे चित्रण वेगळ्या डिस्कवर घ्या, टीव्हीचे कार्यक्रम त्यात मिसळू नका. मग ती डिस्क संगणकात घालून आणखी प्रती काढता येतात. एक प्रत येथे आणि एक भारतात भावाबहिणीकडे ठेवावी.

याच ओघात लग्नाच्या कॅसेटविषयी. भारतातील व्हीएचएस कॅसेट पाल पद्धतीची आणि जपानचा जुना व्हीसीआर एनटीएससीचा, त्यामुळे ती येथे सहसा चालतच नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. अशी कॅसेट पुण्या-मुंबईतच डिजिटल करून घेणे सोपे जाते. पुढच्या भारतभेटीच्या यादीत ते लिहून ठेवा.

ज्यांना चार-पाच वर्षांत परतायचे आहे त्यांनी महागडा रेकॉर्डर घेताना दहादा विचार करावा. बहुतेक यंत्रे फक्त १०० व्होल्टवर चालतात आणि भारतात वीज २३० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावून जुने मुद्रण पाहता येईल, पण तेथील प्रक्षेपण पद्धत निराळी असल्याने नवे काही पकडता येणार नाही. येथे उतरवलेल्या डिस्कही भारतातील प्लेअरवर चालतीलच असे नाही. विकत घेतलेल्या चित्रपटांचे तर क्षेत्रच वेगळे : डीव्हीडीसाठी जपान क्षेत्र २, भारत क्षेत्र ५.

आता पैशांचे. समजा यंत्र ६०,००० येनचे आहे आणि ते सहा वर्षे टिकले. महिन्याला सुमारे ८३३ येन पडले. दुकानदार दहा टक्के पॉइंट देतो म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. ते पॉइंट बहुधा त्याच दुकानात पुन्हा काहीतरी घ्यायला लावतात. दुसरा खर्च दुकानाच्या पावतीवर दिसत नाही, तो एनएचकेच्या शुल्काचा. ऑक्टोबर २०२३ पासून साध्या कराराला महिना १,१०० येन आणि उपग्रह कराराला १,९५० येन पडतात (ओकिनावात थोडे कमी). ट्यूनर असलेला रेकॉर्डर हाही प्रक्षेपण पकडणारे यंत्र धरला जातो. म्हणजे ज्यांनी मुद्दाम ट्यूनर नसलेला टीव्ही घेतला त्यांनी रेकॉर्डर जोडला की करार करणे आला. करार घरटी एकच असतो, त्यामुळे आधीपासून भरणाऱ्यांना दुसरा लागत नाही. पण टीव्हीला उपग्रह ट्यूनर नाही, इमारतीच्या गच्चीवर सामाईक डिश आहे आणि नव्या रेकॉर्डरला ती जोडली, तर साधा करार उपग्रह करार होतो. फरक महिना ८५० येन, सहा वर्षांत ६१,२०० येन. यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त!

मग हा खर्च कोणी करावा? गेल्या महिन्याभरात घरात जपानी टीव्ही किती तास पाहिला गेला, ते आधी प्रामाणिकपणे आठवा. मराठी मालिका, बातम्या, क्रिकेट हे सगळे आपण इंटरनेटवरून पाहतो आणि रेकॉर्डरला ते मुद्रित करता येत नाही. तो फक्त अँटेनातून आलेलेच धरतो. खाजगी जपानी वाहिन्यांचे पुष्कळ कार्यक्रम टीव्हर या मोफत सेवेवर साधारण आठवडाभर पाहायला मिळतात. एनएचकेचेही १ ऑक्टोबर २०२५ पासून ‘एनएचके वन’वर मिळतात, अर्थात करार असेल तर. एवढ्यावर भागत असेल त्यांनी ६०,००० येन बँकेतच ठेवावेत.

ज्यांची मुले जपानी शाळेत जातात त्यांची गोष्ट निराळी. काल रात्री टीव्हीवर काय होते यावर वर्गात गप्पा होतात, आणि त्यात आपले मूल गप्प बसू नये असे वाटणे साहजिक आहे. मोठ्यांनाही भाषेसाठी उपयोग होतो : प्रक्षेपणाबरोबर जपानी अक्षरे खाली येतात, ती लावून सकाळची पंधरा मिनिटांची मालिका थांबवत थांबवत पाहावी. पाठ्यपुस्तकापेक्षा हे बरे, असे माझे मत. शिवाय मुद्रण केले की रात्री नऊचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवता येतो आणि मुले वेळेवर झोपतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासाहून अधिक पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. मुद्रित कार्यक्रमाला निदान शेवट तरी असतो. चालू टीव्हीला तो नसतो.

अशा घराला फार मोठे यंत्र लागत नाही. १ टीबीत मूळ दर्जाचे सुमारे १२७ तास मावतात. रोज दोन तास साठवले तरी दोन महिने पुरतात. डिस्कवर काही ठेवायचेच नसेल तर टीव्हीला यूएसबी डिस्क जोडणे सर्वांत स्वस्त. मात्र ‘रोकुगा’ची सोय आपल्या टीव्हीत आहे का आणि एक पाहताना दुसरे मुद्रित होते का, हे आधी पाहावे. यंत्र बंद कपाटात कोंबू नये, उष्णता हार्ड डिस्कची शत्रू आहे. मेनू बहुतेकदा फक्त जपानीत असतो, तेव्हा भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी रिमोटच्या चार बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवाव्यात.

जुने यंत्र टाकताना सेटिंगमधून डिस्क पूर्ण पुसावी. टीव्हीसाठीचा पुनर्वापर कायदा रेकॉर्डरला लागू नाही, तो २०१३ पासूनच्या छोट्या उपकरणांच्या कायद्यात येतो. पण वॉर्ड कार्यालयातील पेट्यांच्या फटीतून तो बहुधा जात नाही. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी वस्तू ‘सोदाई गोमी’ धरली जाते. आधी नोंदणी करून, तिकीट चिकटवून ठरलेल्या दिवशी सकाळी बाहेर ठेवावी लागते. ती नोंदणी घरच्या चित्रणाच्या दोन्ही प्रती एकदा लावून पाहिल्यावरच करावी.