रॅलीला जाऊन काय मिळतं?

मैत्रिणींनो, १७ ऑक्टोबर हा जागतिक गरिबी निर्मूलन दिन. त्या सुमाराला रॅलीचा निरोप आला की बैठकीत कुणीतरी विचारतंच, "दिवसाची मजुरी बुडवून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून इंग्लंडातल्या एका रॅलीची ही हकिगत.

१६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम शहरात सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात धरून साखळी केली. आठ बलाढ्य देशांच्या प्रमुखांची तिथे परिषद होती. मागणी एकच : गरीब देशांचं न फिटणारं कर्ज माफ करा.

देशाला कसलं कर्ज? आफ्रिकेतला झांबिया घ्या. तांबं विकून चालणारा देश. १९७० नंतर तांब्याचा भाव पडला, तेव्हा खर्च भागवायला बाहेरून कर्ज काढलं. पुढे व्याज चढलं, मग जुना हप्ता भरायला नवं कर्ज. एका फायनान्सचा हप्ता दुसऱ्या फायनान्सच्या पैशातून भरणारी बाई आपण पाहिलीय ना? तसंच. पैसा हप्त्यात गेला आणि सरकारी दवाखान्यात गरिबाला फी लागली.

गंमत म्हणजे त्या दिवशी नेते शहरात नव्हतेच, बाहेर एका हवेलीत बसले होते. तरी गर्दीची बातमी पोचली. पंतप्रधान टोनी ब्लेअर परतल्यावर आयोजकांना भेटले. पण काम लगेच झालं नाही. २ जुलै २००५ ला स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत पांढरे कपडे घालून दोन लाखांवर लोक चालले. त्याच आठवड्यात आठ देशांच्या नेत्यांनी मोठ्या कर्जमाफीला पाठिंबा दिला. झांबियाचं बरंचसं कर्ज सुटलं आणि १ एप्रिल २००६ पासून तिथल्या खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद झाली. पुढे त्या देशाने पुन्हा कर्ज काढलं आणि २०२० मध्ये हप्ता थकवला, हेही सांगायला हवं.

"मग आमचंही माफ करा," असं कुणी म्हणेल. पण गटातलं अंतर्गत कर्ज म्हणजे शेजारणीची बचत. ते फेडायचंच.

तेव्हा निरोप आला की आधी विचारा : मागणी काय, निवेदन कुणाला देणार, पोच कुणाकडे राहणार, आणि पुढच्या महिन्यात पाठपुराव्याला कोण जाणार? उत्तरं मिळाली तर जरूर जा. पाण्याची बाटली आणि भाकरी सोबत घ्या, आणि लहान लेकरू असेल तर घरी कोण बघणार ते आदल्या दिवशीच ठरवा.