ध्रुवप्रकाश आणि एका मुलाचा प्रश्न

शिक्षक निवृत्त होतो. त्याच्या हातून झालेल्या चुका मात्र निवृत्त होत नाहींत. पंचवीस वर्षांपूर्वीं येथें धाराशिवास भूगोलाच्या तासाला ध्रुवप्रकाशाचा विषय निघाला असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हा प्रकाश आपल्या गच्चीवरून दिसेल का?" वर्ग हंसला, मीही हंसलों. "अरे, तो नॉर्वेंत आणि तूं बालाघाटांत!" असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें.

गेल्या पौषांत दोघां जुन्या शिक्षकमित्रांसह नॉर्वेंतील ट्रॉम्सो या गांवीं जाण्याचा योग आला. "साठी उलटल्यावर हा थंडीचा हव्यास कशाला?" अशी घरांत कुरकूर झाली, पण सूनबाईंनीं लोंकरीच्या कपड्यांची व लाडवांची तजवीज करून तो वाद मिटविला. हें गांव जवळजवळ ७० उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथें सूर्य उगवतच नाहीं; दुपारीं कांहीं काळ निळसर संधिप्रकाश, एवढाच काय तो दिवस. आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असणारा ध्रुव तेथें जवळजवळ माथ्यावर दिसतो.

दोन रात्री ढगांत गेल्या. तिसऱ्या रात्रीं गांवाबाहेर बर्फांत उभे असतां उत्तरेस एक फिकट, राखी पट्टा दिसला. एक मित्र खट्टू होऊन म्हणाले, "हा तर ढग! चित्रांतला हिरवा रंग कोठें आहे?" त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. मंद प्रकाशांत आपल्या डोळ्यांस रंग नीट कळत नाहींत. कॅमेरा मात्र तोच प्रकाश कित्येक सेकंद सांठवितो. थोड्या वेळानें तो पट्टा हलूं लागला, उजळला, आणि दोरीवर वाळत घातलेला शालू वाऱ्यानें फडफडावा तसा पोपटी होऊन आमच्या डोक्यावरून सरकला. आम्ही तिघेही बोलेनासे झालों.

याचें कारण असें. सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्याच्या योगानें पृथ्वीभोंवतींच्या चुंबकीय क्षेत्रांत शक्ति सांठते, व तेथून वेगानें येणारे कण ध्रुवांभोंवतींच्या वातावरणावर आदळतात. त्यांच्या आघातानें सुमारें १०० ते २०० किलोमीटर उंचीवरील प्राणवायु हिरवा प्रकाश देतो, त्याहून उंच असलेला तांबडा. सूर्यावर मोठा क्षोभ झाला म्हणजे प्रकाशाचें हें वलय दक्षिणेकडे पसरतें. दूरच्या पाहणाऱ्यास पृथ्वीच्या गोलाईमुळें खालचा हिरवा भाग दिसत नाहीं. उंचावरील तांबडा तेवढा क्षितिजावर दिसतो.

परत आल्यावर या विषयाचें वाचन करीत असतां एका ठिकाणीं मी थबकलों. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं हा प्रकाश मुंबईस दिसला होता! मुंबई सुमारें १९ अक्षांशावर, आपण १८ वर. मे २०२४ मध्यें लडाखांतील हानले येथूनही तांबडी आभा टिपली गेली. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न हंसण्याजोगा नव्हताच. "फार क्वचित्, शतकांतून एखादे वेळीं, पण अशक्य नाहीं," हें त्याचें खरें उत्तर होतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दिशा पेटल्यासारख्या दिसण्यावर, म्हणजे दिग्दाहावर, स्वतंत्र अध्याय आहे. तो वाचलेल्या मला तरी आकाशाविषयीं इतकें ठामपणें बोलणें शोभलें नाहीं.

तो विद्यार्थी आतां येथेंच दुकान चालवितो. परवां मुद्दाम जाऊन त्याला म्हटलें, "तुझा प्रश्न योग्य होता, माझेंच उत्तर चुकलें."

त्यानें चहा मागविला आणि हंसून म्हणाला, "गुरुजी, तो प्रश्न मला आठवत नाहीं. पण त्यानंतर तुमच्या तासाला मीं कधीं हात वर केला नाहीं, हें मात्र आठवतं."

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घरोघरच्या वडील मंडळींस विनंति एवढीच कीं, मुलांच्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल तेव्हां "पाहूं" म्हणावें, हंसूं नये.