बाराखडीसाठी एक रजा

वेस्ट बेमधल्या आमच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी सकाळी सात मुलं बाराखडी गिरवायला जमतात. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, बी.एड. वगैरे काही नाही. आईनं पापडाच्या डब्यातून पाठवलेलं पत्र लेकीला वाचता येईना, तिथून हे सुरू झालं. मुलं मराठी छान बोलतात, पण जोडाक्षर आलं की अडतात.

म्हणून यंदा कतार फाउंडेशनच्या 'टीचिंग अँड लर्निंग फोरम'ला जायचं ठरवलंय. शिक्षकांचा हा वार्षिक मेळावा. रेड लाइननं मुशैरिब, तिथून ग्रीन लाइननं एज्युकेशन सिटी. ऑफिसात एक दिवसाची रजाही टाकलीय.

बायको म्हणाली, "तिथे मराठीचं काय?"

मराठीचं काहीच नाही. पण इथल्या अरबी मुलांचंही दुखणं आपल्यासारखंच. घरात खलिजी बोली, पुस्तकात फुसहा. सुरुवातीच्या पुस्तकांत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा असतात, पुढे त्या गळतात. म्हणजे काना-मात्रेविना वाचायचं! त्यांचे शिक्षक हे कसं निभावतात, तेच विचारायचंय.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन ये. तोवर पुढचं पत्र मी मोठ्या अक्षरात लिहिते."