नत्रवायूचे मूळ

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज छत्तीसगड राज्यात असलेला हा कारखाना पोलादासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याच्या कोकभट्ट्यांतून शेतीला उपयोगी असा एक पदार्थही मिळतो. हवाबंद भट्टीत दगडी कोळसा तापविला म्हणजे कोक मागे उरतो व वायू बाहेर पडतात. त्यांतील अमोनिया गंधकाम्लात शोषून घेतला, की अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. या खतातील नत्र आला कोठून?

भारतातील बहुतेक दगडी कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून बनला. त्यांना नत्र जमिनीतून मिळाला आणि जमिनीतील सूक्ष्म जंतूंनी तो हवेतून घेतला. हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायू आहे. परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असल्यामुळे वनस्पतींना तो जसाच्या तसा वापरता येत नाही. नत्राच्या सागरात उभे असूनही पीक नत्रावाचून खुरटते, ते यामुळेच.

हवेतील नत्रवायूचा माग त्याच्या अणूंवरून लागतो. नत्राचे अणू हलके व जड अशा दोन प्रकारचे असतात. पृथ्वीच्या हवेत एका जड अणूमागे सुमारे २७२ हलके अणू आहेत. सूर्यात सुमारे ४४०, तर धूमकेतूंत सुमारे १४०. आदिम अशनींतील प्रमाण मात्र पृथ्वीशी पुष्कळ जुळते. यावरून असे अनुमान निघते, की सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी घडत असताना नत्राचा मोठा भाग अशनींसारख्या पिंडांतून, संयुगांच्या रूपाने आला. पुढे ज्वालामुखींवाटे तो वायुरूपाने बाहेर पडला. त्याच वाटेने आलेला कर्बद्विप्राणिद वायू समुद्रात विरघळून चुनखडकात बंदिस्त झाला. भिलाईला चुनखडक पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणी ही त्याचीच साक्ष आहे. नत्रवायू सहजासहजी संयोग पावत नाही, म्हणून तो हवेत साचत राहिला.

आणि अशनींत तरी नत्र कोठून आला? सूर्याहून जड ताऱ्यांत हायड्रोजनपासून हीलियम बनताना कार्बनच्या अणूचे नत्रात रूपांतर होते. हे चक्र हान्स बेथे यांनी १९३९ साली विशद केले. त्यातील नत्राची पायरी सर्वांत मंद असल्याने, अरुंद दारापाशी गर्दी साचावी तसा नत्र साचतो. तारे विझताना तो अवकाशात विखुरतो व नव्या ग्रहांच्या वाट्याला येतो.

भाताच्या लोंबीतील प्रथिनाचा इतिहास असा एका प्राचीन ताऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.