होडीच्या जुन्या मशीनची रेस अडकल्यास काय करावे?

कोकणातील बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्यास होडी ही बैलगाडीइतकीच उपयोगाची असते. खताच्या गोणी, भाताचा पेंढा, आंब्याच्या पेट्या, नारळाची रोपे अशा अनेक वस्तूंची ने-आण आजही अनेक ठिकाणी छोट्या होडीतून होते. अशा होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकविलेले पेट्रोलवर चालणारे यंत्र, ज्यास काठावरील मंडळी नुसते ‘मशीन’ म्हणतात, ते बहुधा जुने, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेले असते. या यंत्रात नेहमी आढळणारा एक बिघाड म्हणजे रेस, अर्थात थ्रॉटल, अडकणे. त्याची कारणे कशी शोधावीत आणि उपाय कोणत्या क्रमाने करावेत, याची माहिती येथे दिली आहे.

प्रस्तुत लेखकास या बिघाडाचा अनुभव प्रत्यक्ष आला आहे. खारभूमीवरील भातपिकाची पाहणी आटोपून परत येताना ओहोटी लागली होती. होडी प्रवाहाच्या मध्यावर असताना दांड्याची मूठ फिरेना. मशीन पुऱ्या वेगाने चालू राहिले आणि समोर वाळूचा दांडा उघडा पडू लागला होता. होडीवाल्याने दोन्ही हातांनी मूठ पिळली. तेव्हा आतील तार तुटली, पण वेग कमी झाला नाही. शेवटी चोक ओढून मशीन बंद केले, नांगर टाकला आणि उरलेले अंतर वल्ह्यांनी काटले. पुढे मशीन उघडून पाहिले असता मूठ व तार या दोन्हींत मुळात दोष नव्हता. अडकली होती ती कार्बुरेटरमधील झडप. जोर लावल्यामुळे एका बिघाडाचे दोन झाले होते.

रेसची रचना

मुठीपासून इंजिनापर्यंत रेसचे काम एका साखळीप्रमाणे चालते. दांड्याची मूठ फिरविली की आतील तार किंवा दातेरी चाके सरकतात. त्यांच्यामुळे फ्लायव्हीलखाली असलेली मॅग्नेटोची तबकडी थोडी फिरते व ठिणगी लवकर पडू लागते. अनेक जुन्या यंत्रांत याच तबकडीच्या कडेचा उंचवटा एका लहान चाकास रेटतो आणि कार्बुरेटरमधील गोल पत्र्याची झडप उघडतो. झडप जितकी उघडेल तितके हवा व पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनात अधिक जाते. मूठ उलट फिरविली की तबकडी मागे येते आणि झडप आपल्या स्प्रिंगने मिटते.

यावरून ध्यानात येईल की, मूठ अडकली याचा अर्थ मुठीतच दोष आहे असा नव्हे. साखळीतील कोणताही एक सांधा धरला गेला, तरी हाताला जाणवणारा परिणाम सारखाच असतो. म्हणून सांधे एकामागून एक सुटे करून पाहणे हाच दोष शोधण्याचा खरा मार्ग होय.

सांधे का धरतात?

पहिले कारण म्हणजे खारे पाणी. खाडीचे पाणी वाळल्यावर मिठाचा थर उरतो आणि ॲल्युमिनियम व लोखंड जेथे एकमेकांस टेकतात तेथे पांढरी भुकटी व गंज धरतो. दुसरे कारण जुने ग्रीस. ते वर्षानुवर्षे तसेच राहिल्यास मेणासारखे घट्ट होते. तिसरे कारण कार्बुरेटरमध्ये राहिलेले इंधन. दोन स्ट्रोकच्या यंत्रात पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असते. पेट्रोल उडून गेले की चिकट तेल मागे राहते आणि झडपेचा दांडा धरून ठेवते. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून पावसाळाभर टाकीत व कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ठेवल्यास जुन्या यंत्रातील धातूचे व रबराचे भाग अधिक लवकर खराब होतात.

पाण्यात असताना रेस अडकल्यास

१. मूठ पिळत बसू नये. प्रथम बंद करण्याचे बटण दाबावे अथवा मनगटास बांधलेली सुरक्षा-दोरी ओढावी.

२. बटण काम देत नसल्यास चोक पूर्ण ओढावा. हवा कमी व पेट्रोल जास्त झाल्याने इंजिन गुदमरून बंद पडते. पेट्रोलची नळी काढूनही ते बंद होते; परंतु कार्बुरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत काही वेळ जातो.

३. चालू इंजिनाच्या प्लगची तार हाताने ओढू नये. विजेचा झटका बसतो आणि उडणाऱ्या ठिणगीने पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते.

४. मशीन बंद होताच नांगर टाकावा, म्हणजे ओहोटी होडीस ओढून नेणार नाही. दुरुस्ती काठावर आल्यावरच करावी.

रेस उघडी अडकलेली असताना मशीन पुन्हा सुरू करणे अत्यंत धोक्याचे आहे. गिअर पडलेला असल्यास होडी एकदम उसळते व दोरी ओढणारा माणूस पाण्यात फेकला जातो.

दोष शोधण्याचा क्रम

काठावर मशीन पूर्ण थंड होऊ द्यावे. पेट्रोलची नळी काढावी, प्लगच्या तारा सोडवून बाजूस ठेवाव्यात आणि जवळपास विडी-सिगारेट व चूल नसावी. नंतर पुढील क्रमाने तपासणी करावी.

पहिली पायरी: मुठीजवळ एक लहान स्क्रू असतो. मूठ आपोआप फिरू नये म्हणून तो थोडा आवळलेला असतो. तो फार आवळला गेला असल्यास सैल करावा. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

दुसरी पायरी: गिअर पाहावा. अनेक यंत्रांत न्यूट्रल किंवा मागच्या गिअरमध्ये मूठ ठराविक खुणेपलीकडे फिरत नाही. ही संरक्षणाची योजना आहे, बिघाड नव्हे. पंखा हाताने हळूहळू फिरवीत पुढचा गिअर टाकावा आणि मूठ पुन्हा फिरवून पाहावी.

तिसरी पायरी: वरचे झाकण काढून तारेचे इंजिनाकडील टोक सोडवावे व मूठ फिरवावी. मूठ अजूनही जड असल्यास दोष मुठीत किंवा तारेत आहे. मूठ हलकी झाल्यास दोष पुढे आहे.

चौथी पायरी: कार्बुरेटरची झडप बोटाने उघडून सोडावी. ती सहज उघडली पाहिजे आणि सोडताच स्प्रिंगने टपकन मिटली पाहिजे. ती रेंगाळत असल्यास दोष येथेच आहे.

पाचवी पायरी: मॅग्नेटोची तबकडी हाताने फिरवावी. ती थोडी जड चालणे साहजिक आहे. पण मध्येच अडत असल्यास तिच्याखालील बैठक धरली आहे असे समजावे.

उपाय

मुठीतील दोष: मूठ उघडून गोड्या पाण्याने मीठ धुवावे, कोरडी करावी व पाण्यात न विरघळणारे, बोटींसाठी मिळणारे ग्रीस थोडे लावावे. प्लॅस्टिकची वाटी फुगली वा चिरली असल्यास बदलावी.

तारेतील दोष: तारेचा एक जरी पदर तुटला असेल किंवा आवरणातून गंज बाहेर येत असेल, तर तार बदलावी. तेल सोडून ती चार दिवस चालेल, पण नेमकी खाडीच्या मध्यावर दगा देईल. नवी तार घेताना जुनी मापासाठी सोबत न्यावी.

कार्बुरेटरमधील दोष: झडपेच्या दांड्याच्या दोन्ही टोकांस कार्बुरेटर साफ करण्याचा द्रव मारावा, थोडा वेळ थांबावे व झडप हळूहळू उघडमीट करावी. सैल झाल्यावर पातळ तेलाचा एक थेंब पुरे. झडपेची कड कानसने वा काचकागदाने घासू नये. ती बरोबर बसली नाही तर मशीन मंद चालणार नाही. झडपेचे बारीक स्क्रू अकारण सोडवू नयेत. त्यांतील एक जरी आत पडला तरी इंजिनाचे मोठे नुकसान होते.

तबकडीतील दोष: यासाठी फ्लायव्हील काढावे लागते व त्याकरिता योग्य पुलर हवा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटणे किंवा हातोडीने ठोकणे टाळावे. हे काम जाणकार मिस्त्रीकडे द्यावे. तबकडीवर वरून तेल ओतू नये. ते पॉइंटवर गेल्यास ठिणगीच बंद पडते.

कोणताही भाग सोडविण्यासाठी आगीची उष्णता कधीही देऊ नये.

जोडणी आणि परीक्षा

सांधे जोडताना जुन्या कॉटर पिना टाकून नव्या घालाव्यात. मूठ मंद खुणेवर असताना झडप पूर्ण मिटलेली आणि वेगाच्या खुणेवर पूर्ण उघडलेली असावी. नंतर मशीन डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. वळविताना झडप हलत असेल, तर तार कोठेतरी ताणली जात आहे असे समजून तिचा मार्ग सुधारावा.

शेवटची परीक्षा होडी धक्क्यास दोराने पक्की बांधून, मशीन पाण्यात सोडूनच करावी. पाण्याबाहेर मशीन चालविल्यास पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा लगेच जळतो. मशीन न्यूट्रलमध्ये सुरू करून सर्वप्रथम बंद करण्याचे बटण व सुरक्षा-दोरी काम देतात याची खात्री करावी. त्यानंतरच हळूहळू वेग वाढवून कमी करावा.

नेहमीची काळजी

प्रत्येक फेरीनंतर मशीन गोड्या पाण्याने धुवावे. महिन्यातून एकदा सांध्यांस ग्रीस लावावे. पावसाळ्यासाठी होडी ओढून ठेवताना टाकी व कार्बुरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. होडीत वल्ही, नांगर व प्रत्येक माणसास एक लाइफ जॅकेट असल्याशिवाय काठ सोडू नये.

खाडीकाठच्या गावांतील ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांना विनंती की, नारळी पौर्णिमेपूर्वी, होड्या पाण्यात उतरण्याच्या सुमारास, गावातील होडीवाल्यांस एका ठिकाणी जमवून वरील पाच पायऱ्या एखाद्या जुन्या मशीनवर करून दाखवाव्यात. त्यास एका दुपारहून अधिक वेळ लागत नाही. पान्यांचा एक संच, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर व ग्रीसचा एक डबा एवढे साहित्य पुरेसे आहे. चालू मशीन चोक ओढून कसे बंद करावे, हे मात्र होडीत बसणाऱ्या प्रत्येकाकडून, घरातील स्त्रिया व मोठी मुले यांच्याकडूनही, धक्क्यास बांधलेल्या होडीत एकदा करून घ्यावे.